सुलभेचे उत्तर

"पोरगं हाय, बोलंल उशिरा. त्याचा बाप बी चार वर्सांचा होईस्तोवर बोलला नव्हता." हिंगोली जिल्ह्यात, सेनगावकडे असो की वसमतकडे, अडीच वर्षांचा मुलगा बोलत नसला, हाक मारल्यावर वळून बघत नसला, की घरातले कुणीतरी वडीलधारे माणूस हे वाक्य हमखास बोलते. मुलीच्या वाट्याला दुसरे वाक्य येते : "लई गुणाची पोर. कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही." दोन्ही वाक्यांमागे माया आहे, आणि दोन्ही वाक्यांमुळे मुलांची वर्षे वाया जातात. मुलग्याचे न बोलणे त्याच्या मुलगेपणाच्या खाती जमा होते आणि मुलीचे न बोलणे तिच्या गुणीपणाच्या. लक्षण एकच, पण अर्थ दोन लावले जातात, कारण मुलाचे मन आणि मुलीचे मन ही मुळातच दोन निराळ्या जातींची मने आहेत असे आपण धरून चालतो. हे गृहीतक शरीरशास्त्रातून आले आहे असे आपल्याला वाटते. माझ्या मते ते तत्त्वज्ञानातले गृहीतक आहे, आणि ते तत्त्वज्ञानाच्याच कसोटीला लावले पाहिजे. माणूस कोण आहे हे त्याच्या मेंदूच्या लिंगावरून ठरते का, हा तो प्रश्न. स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, हे या प्रश्नाचे आजचे सर्वांत अवघड उदाहरण आहे. इथे स्त्री-पुरुष फरक खरोखरच मोठा आहे, त्यामुळे 'फरक वगैरे काही नसतो' असे म्हणून कुणालाच सुटका करून घेता येत नाही.

तेव्हा आधी फरक मान्य करू. गर्भ साधारण सहा-सात आठवड्यांचा होईपर्यंत मुलगा आणि मुलगी यांची जननग्रंथी सारखीच असते. वाय गुणसूत्रावरचे एसआरवाय हे जनुक, जे १९९० साली सापडले, जागे झाले की त्या ग्रंथीचे वृषण होते आणि आठव्या आठवड्याच्या आगेमागे टेस्टोस्टेरॉन स्रवू लागते. मेंदू त्याच काळात घडत असतो, आणि हे संप्रेरक त्याच्या घडणीत भाग घेते. जन्मानंतरही दोघांचे वेळापत्रक वेगळे राहते. अमेरिकेत मुलांचे मेंदू वर्षानुवर्षे स्कॅन करून केलेल्या अभ्यासात मुलींच्या मेंदूचे आकारमान सरासरी साडेदहाव्या वर्षी, तर मुलग्यांचे साडेचौदाव्या वर्षी कमाल मापाला पोचलेले दिसले. प्रौढ पुरुषाचा मेंदू स्त्रीच्या मेंदूपेक्षा सरासरी दहा-अकरा टक्क्यांनी मोठा असतो, आणि यातला बराच भाग शरीराच्या मापाशी निगडित आहे. मुलगे मुलींपेक्षा सरासरीने थोडे उशिरा बोलतात हेही खरेच आहे. घरातल्या मोठ्यांचे निरीक्षण त्या अर्थी चुकीचे नाही. तो उशीर काही आठवड्यांचा, फार तर एखाद-दोन महिन्यांचा असतो. अडीच वर्षांच्या मुलाचे संपूर्ण मौन त्यात बसत नाही, एवढेच त्या निरीक्षणातून निसटते.

स्वमग्नतेत तर फरक पहिल्या दिवसापासून डोळ्यांत भरतो. लिओ कॅनर यांनी १९४३ साली बाल्टिमोरमधून ज्या अकरा मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले त्यांत आठ मुलगे होते, तीन मुली. त्याच्याही आधी, १९२५ साली, मॉस्कोत ग्रुन्या सुखारेवा या बाईंनी जवळपास हेच वर्णन केले होते, तेही सहा मुलग्यांचे. त्यांनी पुढे मुलींविषयीही लिहिले, पण पश्चिमेने त्यांची दखल कित्येक दशके घेतली नाही. व्हिएन्नात हान्स आस्पर्गर यांनी १९४४ च्या निबंधात चार मुले तपशिलाने रेखाटली, चारही मुलगे, आणि हा स्वभाव म्हणजे पुरुषी बुद्धीचे एक टोकाचे रूप आहे असे लिहून टाकले. आज अमेरिकेतल्या आठ वर्षांच्या मुलांच्या पाहणीत (२०२२ ची आकडेवारी) एकतीस मुलांमागे एकाला स्वमग्नता आढळते आणि मुलग्यांतले प्रमाण मुलींच्या ३.४ पट आहे. आपल्याकडे पाच ठिकाणी घरोघर जाऊन झालेली आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेली पाहणी आहे. त्यांतले एक ठिकाण उत्तर गोवा होते. दोन ते नऊ वर्षांच्या मुलांपैकी जवळजवळ आठांतल्या एकाला मज्जाविकासाची कुठली ना कुठली अडचण आहे, असे त्यात निघाले. म्हणजे ही अडचण फक्त शहरातली किंवा मोबाइलमुळे आलेली आहे, हे म्हणणे टिकत नाही.

एवढा पुरावा हाती आल्यावर आस्पर्गर यांच्या वाटेने जाण्याचा मोह स्वाभाविक आहे. केंब्रिजचे सायमन बॅरन-कोहेन त्या वाटेने बरेच पुढे गेले. माणसाच्या मनाचे दोन कल असतात, एक दुसऱ्याचे मन जाणण्याचा आणि दुसरा यंत्रासारख्या रचना उलगडण्याचा. पहिला स्त्रियांत सरासरीने अधिक, दुसरा पुरुषांत. आणि स्वमग्न मेंदू म्हणजे पराकोटीचा पुरुषी मेंदू. हा सिद्धान्त त्यांनी २००२ साली ठामपणे मांडला. त्यामागे काहीच नाही असे नव्हे. डेन्मार्कमध्ये साठवून ठेवलेल्या गर्भजलाचे नमुने तपासले तेव्हा पुढे स्वमग्न निघालेल्या मुलग्यांच्या नमुन्यांत लैंगिक संप्रेरकांचे प्रमाण सरासरीने जास्त सापडले. पण या सिद्धान्ताची खरी अडचण पुराव्यापेक्षा तर्काची आहे, आणि ती दाखवायला आपल्या न्यायशास्त्राइतके नेमके हत्यार मला दुसरे दिसत नाही. धुरावरून अग्नीचे अनुमान करता येते, कारण जिथे जिथे धूर तिथे तिथे अग्नी ही व्याप्ती कुठेही मोडत नाही. एका जागी जरी हेतू आहे आणि साध्य नाही असे आढळले, तर हेतू व्यभिचारी ठरतो आणि अनुमान कोसळते. आता लिंगावरून मनाचे अनुमान करून पाहा. तेल अवीवच्या डाफ्ना जोएल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली चौदाशेहून अधिक मेंदूंचे स्कॅन तपासले. ज्या भागांत स्त्री-पुरुष फरक सर्वांत ठळक होता तेच भाग त्यांनी निवडले आणि विचारले की एकाच व्यक्तीत हे सगळे भाग 'पुरुषी' किंवा सगळे 'बायकी' असे किती वेळा सापडतात? शेकडा आठांहून जास्त कधीच नाही. बाकी सगळे मेंदू मिश्र. इथे व्यभिचार एखाद्या जागी नाही, जवळजवळ सगळीकडे आहे.

यावर आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. संगणकाला हजारो स्कॅन दाखवून शिकवले तर नवा मेंदू पुरुषाचा की स्त्रीचा हे तो शंभरांत नव्वदच्या आसपास वेळा बरोबर ओळखतो. मग मेंदू मिश्र आहेत असे कसे म्हणता? मी हा आक्षेप पूर्ण मान्य करतो, आणि तरी माझे म्हणणे मागे घेत नाही. चेहरा पाहूनही आपण बाई की पुरुष हे जवळजवळ नेहमीच ओळखतो. त्या चेहऱ्याचा माणूस गणितात रमतो की कीर्तनात, लोकांत मिसळतो की कोपरा धरतो, हे त्यातून कळत नाही. मेंदूवरून लिंग ओळखता येणे ही एक गोष्ट आणि लिंगावरून मन ओळखता येणे ही दुसरी. पहिली सिद्ध झाली म्हणून दुसरी सिद्ध होत नाही, कारण व्याप्ती उलटी फिरवता येत नाही. अग्नी असला की धूर असेलच असे नाही, हे तर्कसंग्रहाचा विद्यार्थी पहिल्या महिन्यात शिकतो. शिवाय स्वमग्नतेच्याच घरात उलटी उदाहरणे आहेत. रेट सिंड्रोम नावाचा विकार घ्या. चालते-बोलते मूल वर्ष-दीड वर्षाच्या सुमारास हातातले कौशल्य आणि तोंडचे शब्द गमावते, हात एकसारखे चोळत राहते, आणि स्वमग्नतेशी त्याची बरीच लक्षणे जुळतात. हा विकार जवळजवळ फक्त मुलींत दिसतो, कारण त्याचे जनुक एक्स गुणसूत्रावर आहे. पराकोटीच्या पुरुषीपणाने याचा उलगडा होत नाही.

मग तीन-चारास एक हे प्रमाण येते कुठून? इथे जीवशास्त्रानेच एक अधिक चांगले उत्तर दिले आहे. स्वमग्न मुलींच्या जनुकांत मोठे दुर्मीळ बिघाड स्वमग्न मुलग्यांपेक्षा जास्त सापडतात. ब्रिटन आणि स्वीडनमधल्या हजारो जुळ्यांच्या अभ्यासात असेही दिसले की ज्या मुलीत लक्षणे तीव्र, तिच्या जुळ्या भावंडातही ती मुलग्याच्या भावंडापेक्षा अधिक असतात. याचा अर्थ असा लागतो की मुलीच्या शरीरात काहीतरी संरक्षण आहे, तितक्याच ओझ्याने मुलगा वाकतो आणि मुलगी वाकत नाही. ती वाकते तेव्हा ओझे खूप जास्त असते. लक्षात घ्या, या उत्तरात 'पुरुषी मन' नावाची वस्तू कुठेही लागत नाही. लिंग इथे मनाचे सार म्हणून येत नाही, वाढीच्या वाटेवरची एक परिस्थिती म्हणून येते. आपल्या वादातला सगळा फरक एवढ्यातच आहे.

हे उत्तर फार पूर्वी एका बाईने एका राजाला दिले होते, आणि त्यासाठी तिनेही गर्भाचाच आधार घेतला होता. महाभारताच्या शांतिपर्वात, मोक्षधर्मात, भीष्म युधिष्ठिराला सुलभेची गोष्ट सांगतो. मिथिलेचा जनक स्वतःला मुक्त म्हणवतो. सुलभा नावाची संन्यासिनी योगबलाने त्याच्या चित्तात प्रवेश करते, आणि हा मुक्त पुरुष तिला विचारतो की तू कोण, कुणाची, तरुण स्त्री असून तुझे हे वागणे कसे? तिच्या उत्तरातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग असा. ती गर्भाची एकेक पायरी सांगते. आधी कलल, मग बुडबुडा, मग मांसपेशी, मग अवयव, मग नखे आणि केस. नवव्या महिन्यानंतर जन्म होतो तेव्हा खुणेवरून स्त्री किंवा पुरुष हे नाव मिळते. पुढे बाल्य, तारुण्य, म्हातारपण, प्रत्येक क्षणी देह बदलत असतो. मग यांतल्या नेमक्या कुठल्या क्षणाच्या देहाला 'तू कोण' असे विचारतोस? ती देह नाकारत नाही. देहाचे तत्त्वांपासूनचे सगळे गणित ती राजाला मांडून दाखवते. तिचा मुद्दा एवढाच की खूण ही घडण्याच्या ओघात लागलेली गोष्ट आहे, आणि ज्याला आपल्यात आत्मा दिसतो त्याला तो समोरच्यात दिसत नसेल तर त्याची मुक्ती अजून व्हायची आहे. जनक यावर काही बोलत नाही. सांख्यांनी तर मन, बुद्धी, अहंकार हे सगळेच प्रकृतीच्या बाजूला टाकले. तेव्हा उद्या मेंदूत आणखी शंभर फरक सापडले तरी या विचाराला धक्का बसत नाही. पाश्चात्त्य वादात बहुतेक वेळा एका बाजूला फरक नाकारावा लागतो किंवा दुसऱ्या बाजूला माणसाची किंमत फरकाला बांधावी लागते. सुलभेला दोन्ही करावे लागत नाही.

पण इथे प्रामाणिकपणे थांबायला हवे, कारण पुढचा आक्षेप आपल्याच परंपरेवरचा आहे. आत्म्याला लिंग नाही असे म्हणणाऱ्या याच देशात बायकांना वेद बंद होते, आणि हीच विद्या मानणारी घरे मुलीच्या जन्माला नाक मुरडत राहिली. गर्भलिंग-निदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला, आणि तरी २०११ च्या जनगणनेत मराठवाड्यातल्या बीड जिल्ह्यात हजार मुलग्यांमागे सहा वर्षांपर्यंतच्या मुली ८०७ निघाल्या. तेव्हा तत्त्व उच्चारून काही होत नाही. तत्त्वाने आपली परीक्षा घेण्याची पद्धत बदलली पाहिजे. वारकऱ्यांना हे कळले होते असे मला वाटते. गोरोबाकाकांची तेरढोकीची कथा मराठी माणसाला पाठ असते. संत जमलेले, मुक्ताबाई थापटणे पाहून विचारते हे कशाला, गोरोबा म्हणतात मडके कच्चे की पक्के हे पाहायला, आणि मग एकेकाच्या डोक्यावर थापटणे बसते. सगळे गप्प बसून मार घेतात. नामदेव तक्रार करतो, आणि मडके कच्चे ठरते. परंपरा याचा अर्थ अहंकार असा लावते आणि तो अर्थ तिच्या जागी योग्यच आहे. मला मात्र या कथेत परीक्षेचा स्वभावही दिसतो. जो मुकाट्याने सोसतो तो पक्का, ज्याला स्पर्श सोसवत नाही आणि जो ते बोलून दाखवतो तो कच्चा. आपली घरे, शाळा, देवळे आजही मुलांची परीक्षा अशीच घेतात. काकड्याला टाळ-मृदंग सुरू झाले की दोन्ही कानांवर हात घट्ट दाबून वाकणारे मूल, अनोळखी हाताने गाल ओढला की किंचाळणारे मूल, हे कच्चे. चार पाहुण्यांत मान खाली घालून बसलेले मूल पक्के. (नामदेव स्वमग्न होता असे यातून कुणी काढू नये. साडेसातशे वर्षांपूर्वीच्या संताला आजच्या निदानाची चिठ्ठी लावणे हा त्या संताचाही अपमान आहे आणि निदानाचाही.)

कथा तिथे थांबत नाही, आणि हिंगोलीकरांना ती पुढची जास्त जवळची आहे. नरसी हे नामदेवांचे जन्मगाव म्हणून मानले जाते, कयाधूच्या काठचे. १२७० हे जन्मवर्ष. कच्चे ठरलेले हे मडके कुणी फेकून दिले नाही. पांडुरंगाने नामदेवाला औंढ्याला विसोबा खेचरांकडे पाठवले. नागनाथाच्या देवळात विसोबा पिंडीवर पाय ठेवून पडलेले. नामदेव रागावतो तेव्हा ते म्हणतात, मी म्हातारा, जिथे पिंडी नसेल तिथे तूच माझे पाय उचलून ठेव. तो जिथे पाय ठेवतो तिथे पिंडी उगवते. विसोबांनी नामदेवाला दुसरे थापटणे मारले नाही. पवित्र एकाच आकारात असते ही त्याची खात्री त्यांनी काढून घेतली. मुलाचे मन कसे असावे याचा जो एक आकार आपण मनात धरून बसलो आहोत, आणि मुलीचा दुसरा, त्या दोन्ही आकारांना हेच लागू आहे असे मी मानतो. आकाराबाहेरच्या माणसाची किंमत कमी धरली की काय होते हे आस्पर्गर यांच्याच शहराने पाहिले. आपल्या हुशार मुलग्यांच्या उपयोगितेची बाजू त्यांनी मांडली. त्यांच्या शिफारशीने 'आम श्पीगेलग्रुंड' या संस्थेत पाठवलेल्या दोन लहान मुली तिथे मेल्या. अपंग मुलांना मारण्याची नाझी राजवटीची ती जागा होती. इतिहासकार हेरविग चेक यांनी ही कागदपत्रे २०१८ साली जगापुढे आणली. म्हणून 'आइन्स्टाइनही असाच होता म्हणे' हे आईबापांना दिलेले सांत्वन मला टोचते. मूल उद्या आइन्स्टाइन होणार नसेल तर?

आता मुलीकडे येऊ, कारण हे सगळे प्रकरण शेवटी तिच्यावर येऊन ठेपते. मराठवाड्यातल्या घरात सहा वर्षांच्या मुलीला जे जे शिकवले जाते त्याची यादी मनात करा. नजर खाली ठेव, मोठ्यांच्या डोळ्याला डोळा भिडवू नको, विचारल्याशिवाय बोलू नको, मोठी बोलते ते ऐकून तसेच बोल, धाकट्याला सांभाळ, पाणी भर. आणि स्वमग्नतेची तपासणी काय पाहते? डोळ्याला डोळा न भिडवणे, आपणहून संवाद सुरू न करणे, ऐकलेली वाक्ये जशीच्या तशी बोलणे, एकाच कामात तासन्‌तास गुंतणे. मुलगा ट्रॅक्टरचे चाक दिवसभर फिरवत बसला तर लोक बोलतात. मुलगी अंगणात ठिपक्यांचीच रांगोळी, तीच, रोज, एक ठिपका चुकला तर पुसून पुन्हा काढत बसली तर लोक कौतुक करतात. शाळेत ती शेजारणीचे हसणे, बोलणे, हात हलवणे उचलते, दिवसभर ते निभावते आणि घरी आल्यावर दप्तर टाकून जमिनीवर डोके आपटते. मग 'हट्टी झाली' म्हणून मार खाते. इंग्लंडमध्ये प्रौढ स्वमग्न स्त्रियांशी बोलून संशोधकांनी या सोंग घेण्याच्या ओझ्याचा अभ्यास केला आहे. त्या थकव्याची परिणती चिंतारोगात आणि नैराश्यात होते, आणि निदान होते तेव्हा पुष्कळदा वय तिशी-चाळिशी उलटलेले असते. औंढा तालुक्यातच, दुधाळ्याच्या माळावर, लायगोची वेधशाळा उभी राहायची आहे. गुरुत्वलहरी टिपणारे ते यंत्र ठरावीक कंपनसंख्येच्याच लहरी ऐकू शकते. त्या पट्ट्याबाहेरच्या लहरी विश्वात नाहीत असे कुठलाही भौतिकशास्त्रज्ञ म्हणत नाही. आपली निदानाची साधने मात्र बहुतांश मुलग्यांच्या निरीक्षणावर जुळवलेली आहेत, आणि मुलगी त्या पट्ट्यात आली नाही की आपण म्हणतो, तिला काही नाही. त्यात भर म्हणजे दवाखान्यापर्यंत पोचण्याचा प्रश्न. नांदेडच्या किंवा छत्रपती संभाजीनगरच्या तज्ज्ञाकडे न्यायचे तर दिवसाची मजुरी बुडते, आणि ती कुणाच्या आजारासाठी बुडवायची हे घर ठरवते. दवाखान्याच्या नोंदीतल्या मुलगा-मुलगी प्रमाणात काही भाग जीवशास्त्राचा असतो आणि काही भाग या निर्णयाचा.

म्हणजे सगळा फरक नोंदीचाच खेळ आहे असे मी म्हणतो का? नाही. २०१७ साली पन्नासहून अधिक अभ्यास एकत्र करून पाहिले गेले. ज्यांत संशोधकांनी दवाखान्याची वाट न पाहता स्वतः मुले शोधून तपासली त्यांत चारास एक हे प्रमाण तीनास एकच्या आसपास उतरले. पण ते एकास एक झाले नाही. जो म्हणेल की फरक संपूर्ण समाजाने घडवला, त्याला हे उरलेले प्रमाण समजावून द्यावे लागेल. जो म्हणेल की संपूर्ण निसर्गाने घडवला, त्याला ते उतरलेले प्रमाण. दोघांनाही अर्धाच पुरावा वाचायची सवय लागलेली आहे.

धर्माच्या अंगाने येणारा आणखी एक आक्षेप मला जास्त काळजीचा वाटतो, कारण तो दुखावलेल्या माणसांकडून येतो. मागच्या जन्मीचे भोग आहेत, ते भोगूनच संपतात, यात मेंदू आणि संप्रेरके कशाला? कर्मविचाराची थट्टा करण्याचा माझा हेतू नाही. दुःख निरर्थक नाही असे मानण्याची गरज माणसाला असते. पण व्यवहारात हे कर्म नेहमी एकाच्याच नावावर चढते, आईच्या. तिने ग्रहणात चिरले, तिने नवस फेडला नाही, तिच्या माहेरचा दोष. आणि विज्ञानाने इथे फार मोठेपणा मिरवू नये. १९४० च्या दशकाच्या अखेरीस कॅनर आईबापांच्या थंडपणाबद्दल लिहीत होते आणि १९६७ साली ब्रुनो बेटेलहाइम यांनी आईच्या मायेचा अभाव हेच कारण म्हणून पुस्तक लिहिले. शिकलेल्या डॉक्टरांनी तोच दोष त्याच बाईच्या पदरात टाकला, फक्त ग्रहणाच्या जागी मानसशास्त्र आले. हे मोडून काढले ते जुळ्यांच्या अभ्यासांनी आणि जनुकशास्त्राने. शेकडो जनुकांचा थोडा थोडा वाटा असतो, कित्येकदा बिघाड आईत नसतो आणि बापातही नसतो, बीज तयार होताना नव्याने घडलेला असतो. ज्याला कर्म मानायचे त्याने खुशाल मानावे. पण या जन्मीचे कर्म म्हणून स्पीच थेरपीला नेणे हेही त्याच हिशेबात धरावे. अंगारा लावून झाल्यावर नेले तरी चालेल. पण पहिल्या पाच वर्षांत मेंदू सर्वांत जास्त वळतो, आणि अंगाऱ्याने ती वर्षे खाऊ नयेत.

उरतो तो व्यवहाराचा आक्षेप : जिथे निदानच होत नाही तिथे मुलगा-मुलगी अशा बारकाव्यांची चैन कशाला? याचे उत्तर सरकारी कागदातच आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली महाराष्ट्रातूनच, पालघरहून, सुरू झाला. त्याच्या पथकाने अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा जायचे असते, आणि पाहायच्या गोष्टींत विकासातले विलंब आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता एकवीस प्रकारांत स्वतंत्रपणे आहे. प्रमाणपत्रासाठी जी भारतीय मोजपट्टी वापरतात तिच्यात चाळीस प्रश्न आहेत, गुण चाळीस ते दोनशे, सत्तरच्या खाली असेल तर स्वमग्नता नाही. मुलगा असो वा मुलगी, पट्टी एकच. आणि इथे आपला तात्त्विक प्रश्न एकदम तालुक्याच्या दवाखान्यात येऊन उभा राहतो. सर्वांना एकच माप हा न्याय, की ज्यांनी लपवायचे शिकले आहे त्यांना तेच माप लावणे हा अन्याय? काही जण म्हणतील मुलींसाठी सत्तरची रेघ खाली आणा. मला ते पटत नाही. रेघ बदलली की मुलीचे मन ही निराळी जात आहे हेच आपण पुन्हा कायम करतो, या वेळी तिच्या भल्यासाठी. बदलायचे ते बघणे. अंगणवाडीतली शांत मुलगी 'समाधानकारक' या रकान्यात टाकण्याआधी ताईंनी तिला मागून हाक मारून पाहावी. आकाशातले विमान ती बोट करून आईला दाखवते का, हे विचारावे. शाळेतल्या मुलीच्या बाबतीत गुरुजींच्या शेऱ्यावर न थांबता ती घरी आल्यावरचा पहिला तास कसा जातो ते आईला विचारावे, आणि आई सांगू लागली तर मध्ये न तोडता ऐकावे. मुलग्याच्या बाबतीत बापाच्या बोलण्याच्या वयाची चौकशी बंद करून मुलाच्या कानाची तपासणी लिहून द्यावी.